छोट्या मैदानावरील मोठा संघ : इराणच्या फुटसालची हकीकत

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शाळेचे पटांगण चिखलाने भरून गेले होते व फुटबॉलचे सामने बंद पडले होते. मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून सभागृहातील बाके एका बाजूस सारून आणि खुर्च्यांचे गोल मांडून इयत्ता नववी व इयत्ता दहावी यांच्यामध्ये पाच पाच गड्यांचा सामना लावण्यात आला. खेळ उत्तम झाला. परंतु सामना संपताच जिंकणाऱ्या वर्गाने हरणाऱ्या वर्गाची जी हुर्यो उडविली ती ऐकून आम्हांस वाईट वाटले. पराभूत संघाचा नायक भिंतीकडे तोंड करून आपल्या बुटांचे बंद सोडीत बसला होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवावयास जेत्या वर्गातील एकही मुलगा पुढे गेला नाही.

त्याच सायंकाळी आम्ही मनाशी ठरविले की, यंदाच्या अंकात मुलांस याच खेळाविषयी काही सांगावे. छपराखाली खेळावयाच्या या फुटबॉलास जगात फुटसाल हे नाव आहे; आणि या खेळात आशिया खंडामध्ये ज्याचा हात धरणारा क्वचितच कोणी निघाला असा संघ इराणचा होय. त्या संघाने काय मिळविले, काय गमावले, आणि एका रात्री त्याने काय करून दाखविले, हे विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनीही जाणून घेण्यासारखे आहे.

खेळाचा जन्म

दक्षिण अमेरिकेत उरुग्वे नावाचा एक लहानसा देश आहे. १९३० साली फुटबॉलची पहिली जागतिक स्पर्धा त्या देशाच्या राजधानीत, माँटेव्हिडिओ शहरी, भरली आणि यजमान उरुग्वेनेच ती जिंकली. मग काय विचारता! गल्लोगल्ली मुले चेंडूमागे धावू लागली. त्याच शहरातील यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन या संस्थेत हुआन कार्लोस सेरिआनी हे शिक्षक होते. मोकळ्या मैदानांची उणीव व हवामानाचा लहरीपणा यांवर उपाय म्हणून त्यांनी घरात खेळता येईल असा फुटबॉलचा प्रकार बसविला. पाच गडी व चाळीस मिनिटे ही योजना त्यांनी बास्केटबॉलपासून घेतली, गोलाचे माप हँडबॉलपासून घेतले, आणि गोलरक्षकाविषयीचे काही नियम पाण्यातील पोलो या खेळापासून घेतले. बास्केटबॉल व व्हॉलीबॉल हे खेळही याच संस्थेच्या शिक्षकांनी अनुक्रमे १८९१ व १८९५ साली अमेरिकेत निर्माण केले होते, हे येथे सांगितले पाहिजे. अडचणीतून युक्ती कशी निघते याचे हे तिन्ही खेळ उत्तम दाखले आहेत.

पुढे हा खेळ ब्राझील देशात गेला व तेथे फोफावला. दिवाणखान्यातील फुटबॉल अशा अर्थाच्या स्पॅनिश व पोर्तुगीज शब्दांचा संक्षेप होऊन फुटसाल हे नाव रूढ झाले. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा १९८९ साली नेदरलँड्समध्ये भरविली.

खेळाची रीत

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्याकरिता त्याची रीत थोडक्यात सांगतो. मैदान सुमारे चाळीस मीटर लांब व वीस मीटर रुंद असते. गोल तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच. प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून पाच खेळाडू. राखीव गड्यांस खेळ न थांबविता कितीही वेळा आत-बाहेर करता येते, कारण या खेळात धावपळ इतकी असते की कोणासही फार वेळ दम टिकविता येत नाही. वीस वीस मिनिटांचे दोन भाग असतात, व चेंडू रेषेबाहेर जाताच घड्याळ थांबविले जाते. चेंडू नेहमीच्या फुटबॉलाहून लहान व मुद्दाम कमी उसळणारा असतो. दोन मीटर उंचीवरून सोडला असता तो पासष्ट सेंटीमीटरांहून वर उसळता कामा नये, असा नियमच आहे. यामुळे उंच टोले हाणण्यापेक्षा चेंडू पायाशी ठेवून सोबत्यास अचूक देणे यालाच येथे महत्त्व येते.

दोन नियम विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. चेंडू बाहेर गेल्यावर तो पुन्हा खेळात आणण्यास केवळ चार सेकंद मिळतात. तेव्हा कोणास द्यावयाचा हा विचार आधीच झालेला असला पाहिजे. दुसरा नियम असा की, धसमुसळेपणाने केलेले अपराध एकेका खेळाडूच्या नावे न मोजता सबंध संघाच्या नावे मोजले जातात, आणि एका भागात सहावा अपराध झाला की तेथून पुढे प्रतिपक्षास समोर भिंत न उभारता सरळ गोलावर फटका मारावयास मिळतो. एका तापट मुलाचे कर्ज सर्वांस फेडावे लागते ते असे.

आशिया खंडातील पराक्रम

आता मूळ विषयाकडे वळू. इराणमध्ये फुटबॉलचे वेड जुने आहे. तेथील गल्ल्यांतून मुले लहान गोल मांडून, हलका प्लास्टिकचा चेंडू घेऊन, तासन् तास खेळतात. या खेळास तेथे 'गोल कूचक', म्हणजे लहान गोल, असे नाव आहे. चिंचोळ्या जागेत चेंडू पायाशी बाळगण्याची ही सवयच फुटसालमध्ये त्यांच्या उपयोगी पडली असावी, असे आम्हांस वाटते.

आशियाई अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १९९९ साली मलेशियातील क्वालालंपूर येथे झाली. अंतिम सामन्यात इराणने दक्षिण कोरियाचा नऊ विरुद्ध एक असा धुव्वा उडविला. तेव्हापासून २००५ पर्यंत दरवर्षी स्पर्धा झाली, व दरवर्षी इराणच जिंकला. लागोपाठ सात वर्षे! या विजयमालिकेतील अग्रणी खेळाडू वाहिद शमसाई हे होते. आंतरराष्ट्रीय सामन्यांतील ३९२ गोल त्यांच्या नावावर सांगितले जातात. इतर देशांतील खेळाडूंस इराणशी गाठ पडणे म्हणजे दुसऱ्या क्रमांकासाठीच खेळणे, असे वाटू लागले असल्यास नवल नाही.

परंतु २००६ साली ताश्कंद येथे ही साखळी तुटली. जपानने अजिंक्यपद घेतले व इराणला तिसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. सात वर्षे जिंकण्याची सवय झालेल्या संघास हा धक्का लहान नव्हता. तथापि २००७, २००८ व २०१० या तिन्ही स्पर्धा इराणने पुन्हा जिंकल्या. २०१२ साली पुनः जपान, व इराण तिसरा. २०१४ साली व्हिएतनाममध्ये अंतिम सामना बरोबरीत सुटून पेनल्टीच्या फटक्यांवर निकाल लागला, तोही जपानच्याच बाजूने. २०१६ साली इराण, २०१८ साली जपानला चार-शून्य असे हरवून पुन्हा इराण. २०२२ साली कुवेतमध्ये जपानने तीन-दोन अशी परतफेड केली. २०२४ साली बँकॉक येथे इराणने थायलंडचा चार-एक असा पराभव केला. त्या वेळी संघाचे शिक्षक कोण होते म्हणाल? ते हेच वाहिद शमसाई! ज्यांनी एके काळी स्वतः गोल केले, त्यांनीच पुढील पिढीस ते करावयास शिकविले.

आता हिशेब पाहा. १९९९ पासून २०२४ पर्यंत पुरुषांच्या एकंदर सतरा आशियाई स्पर्धा झाल्या. त्यांपैकी तेरा इराणने जिंकल्या व उरलेल्या चार जपानने. तिसऱ्या कोणत्याही देशाचे नाव त्या यादीत नाही. ज्या चार वेळा इराण हरला त्यांपैकी दोनदा तो दुसरा आला व दोनदा तिसरा. तिसऱ्याच्या खाली तो एकदाही उतरला नाही. आम्हांस तेरा विजयांपेक्षाही हे चार पराभव अधिक बोलके वाटतात. कारण प्रत्येक पराभवानंतर तो संघ पुन्हा उभा राहिला.

जगाच्या स्पर्धेत

आपल्या खंडात सिंह असणारा संघ जगाच्या स्पर्धेत कसा ठरला? १९९२ साली हाँगकाँग येथील दुसऱ्या जागतिक स्पर्धेत इराण प्रथमच उतरला आणि एकदम चौथा आला. पहिल्याच उडीला इतके यश मिळाल्यावर पुढील खेपेस चषकच हाती येणार, असे कोणासही वाटले असते. पण तसे घडले नाही. त्यानंतर २०१२ पर्यंतच्या पाच स्पर्धांत इराण पहिल्या चारांतही आला नाही. आशियात दरवर्षी मुकुट आणि जगात दर चार वर्षांनी निराशा, अशी स्थिती होती. वर्गात पहिला येणारा मुलगा जिल्ह्याच्या परीक्षेस बसल्यावर त्यास जो अनुभव येतो, तोच हा.

मग २०१६ साल उजाडले. स्पर्धा दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात होती. आरंभ तर अगदी निराशाजनक झाला. स्पेनने इराणला हरविले, अझरबैजानशी बरोबरी झाली, केवळ मोरोक्कोवर विजय मिळाला. गटात तिसरे स्थान मिळून इराण कसाबसा बाद फेरीत पोहोचला. आणि तेथे समोर उभा ठाकला ब्राझील.

ब्राझील म्हणजे या खेळाचा सम्राट. तोवर झालेल्या सात जागतिक स्पर्धांपैकी पाच त्याने जिंकल्या होत्या, आणि उरलेल्या दोहोंत तो अनुक्रमे दुसरा व तिसरा आला होता. त्याच्या संघात फाल्काओ होते. फुटसालच्या इतिहासात याहून थोर खेळाडू झाला नाही, असे पुष्कळांचे मत आहे. पाच जागतिक स्पर्धांत मिळून त्यांनी ४८ गोल केले. २०१६ साली त्यांचे वय ३९ होते, व ही आपली अखेरची जागतिक स्पर्धा हे सर्वांस ठाऊक होते.

ती रात्र

२१ सप्टेंबर २०१६ रोजी बुकारामांगा शहरी हा सामना झाला. फाल्काओ यांनी एकट्याने तीन गोल केले. दुसरा कोणताही संघ असता तर खचला असता. इराणने मात्र प्रत्येक वेळी पिछाडी भरून काढली, आणि जादा वेळ संपला तेव्हा गोलफलकावर चार-चार अशी बरोबरी होती. निर्णय पेनल्टीच्या फटक्यांवर गेला व इराण तीन-दोन असा विजयी झाला. त्या स्पर्धांच्या इतिहासात ब्राझील पहिल्या तिघांबाहेर राहण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

आता येथे क्षणभर थांबा, आणि स्वतःस त्या इराणी मुलांच्या जागी कल्पून पाहा. जन्मातील सर्वांत मोठा विजय मिळाला आहे. जगज्जेता पायाशी पडला आहे. अशा वेळी आपण काय केले असते? आरडाओरडा केला असता, नाचलो असतो, कदाचित प्रतिपक्षास वेडावूनही दाखविले असते.

इराणी खेळाडूंनी काय केले ते ऐका. ते फाल्काओ यांच्याजवळ गेले. आपल्याच गोलात ज्याने नुकतेच तीन चेंडू घातले होते त्या पराभूत वीरास त्यांनी सर्वांनी मिळून उचलले, आणि जणू काय तोच विजयी झाला आहे अशा थाटाने त्यास हवेत उंच उडवून पुन्हा पुन्हा झेलले. स्वतःच्या विजयाचा पहिला उत्सव त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या निरोपसमारंभास अर्पण केला. ही हकीकत जगभर गाजली, आणि त्या सामन्यातील एकही गोल ज्यांस आठवत नाही त्यांसही ते दृश्य आठवते.

पुढे उपांत्यपूर्व सामन्यात इराणने पॅराग्वेला जादा वेळेत चार-तीन असे हरविले. उपांत्य सामन्यात रशियाकडून तीन-चार असा निसटता पराभव झाला. तिसऱ्या क्रमांकासाठी पोर्तुगालशी दोन-दोन अशी बरोबरी होऊन पेनल्टीच्या फटक्यांवर इराण जिंकला. १९९२ साली चौथा, २०१६ साली तिसरा : एक पायरी वर चढावयास चोवीस वर्षे लागली. ज्यांस एका चाचणी परीक्षेतील अपयशाने अभ्यास सोडावासा वाटतो, त्यांनी या चोवीस वर्षांचा विचार करावा.

तेव्हापासून वाट सरळच वर गेली, असेही नाही. २०२१ साली लिथुआनियातील स्पर्धेत कझाकस्तानने, व २०२४ साली उझबेकिस्तानातील स्पर्धेत मोरोक्कोने इराणला एकेका गोलाच्या फरकाने बाहेर घालविले. आणि ब्राझील? २०१६ साली मान खाली घालून परतलेला तोच ब्राझील २०२४ साली पुन्हा जगज्जेता झाला. खेळातील जय हा असा चार दिवसांचा पाहुणा आहे.

मुलींचा संघ

आमच्या विद्यार्थिनी म्हणतील, यात आमच्याविषयी काहीच नाही काय? आहे तर! आशिया खंडातील स्त्रियांच्या फुटसालची पहिली अजिंक्यपद स्पर्धा २०१५ साली मलेशियात झाली, व ती इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात जपानला एक-शून्य असे हरवून जिंकली. २०१८ साली बँकॉकमध्ये त्यांनी जपानलाच पाच-दोन असे हरवून ते पद राखले. परंतु पहिल्या विजयाच्या वेळी त्यांची कर्णधार त्यांच्यासोबत नव्हती. निलूफर अर्दलान या एका मुलाच्या आई होत्या. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीस परदेशी जाण्याच्या परवान्याकरिता पतीची संमती लागते, आणि ती त्यांस मिळाली नाही. आपण देशासाठी खेळू इच्छिणारी एक सैनिक आहोत, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले व हा अन्याय उघडपणे जगापुढे मांडला. त्याच वर्षी पुढे ग्वाटेमाला येथील स्पर्धेस त्यांस जाता आले. चषक तर सख्यांनी आणलाच; पण घराच्या उंबरठ्यावर दिलेली ही लढत कोणत्याही अंतिम सामन्याहून सोपी नव्हती. मुलींना खेळावयास पाठविण्यास कां कू करणाऱ्या पालकांनी या गोष्टीचा शांतपणे विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

तीन शब्द

इराणचा व आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. आपल्या मराठीत फारसी भाषेतून आलेले कितीतरी शब्द आहेत. त्यांपैकी तीन येथे घेऊ. 'बाजी मारली' असे आपण म्हणतो; फारसीत बाजी म्हणजे खेळ. 'शाबास' असे आपण म्हणतो. त्याचा मूळ अर्थ 'आनंदी राहा' असा आहे, म्हणजे तो निव्वळ स्तुतीचा शब्द नसून आशीर्वाद आहे. तिसरा शब्द 'पैलवान'. आपण त्याचा अर्थ केवळ कुस्तीगीर असा करतो. इराणमध्ये मात्र अंगात बळ असून मनाने जो उदार, दुर्बळाचा जो कैवारी व शत्रूशीही जो सभ्य, तोच पैलवान मानला जातो. १९५६ साली मेलबोर्न येथे ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकणारे मल्ल गुलामरझा तख्ती यांस तेथील लोक याच अर्थाने 'जहान पैलवान' म्हणत. प्रतिस्पर्ध्याचा एक गुडघा दुखावला आहे असे कळल्यावर तख्ती यांनी सबंध कुस्तीत त्या पायास हात लावला नाही, असे त्यांच्याविषयी सांगतात. बुकारामांगा येथील रात्री फुटसालच्या खेळाडूंनी जे केले त्याचे मूळ या जुन्या संस्कारात असावे, असे आम्हांस वाटते.

बाजी मारणे हे पुष्कळांस साधते. बाजी मारल्यावर समोरच्यास शाबास म्हणणे थोड्यांस साधते. आणि ज्यास ही दोन्ही साधतात तो पैलवान होय, मग त्याची छाती कितीही अरुंद असो.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही तो प्रथम त्या दिवशीच्या पराभूत नायकास वाचावयास दिला. आम्हांस वाटले, त्याचे समाधान होईल. त्याने तो शेवटपर्यंत वाचला, थोडा वेळ गप्प राहिला, आणि म्हणाला, "सर, खरे सांगू? आम्ही जिंकलो असतो तर आम्हीही त्यांची हुर्योच उडविली असती." हे उत्तर ऐकून आम्हांस त्या मुलाविषयी अधिकच आदर वाटला. कारण दुसऱ्याचा दोष दिसत असता त्यात आपलाही चेहरा ओळखणे, हीच सुधारणेची पहिली पायरी आहे. पुढील पावसाळ्यात बाके पुन्हा बाजूस सारली जातील व खुर्च्यांचे गोल पुन्हा मांडले जातील. त्या सामन्यात कोण जिंकतो याची आम्हांस फारशी उत्सुकता नाही. सामना संपल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात काय घडते, तेवढे पाहावयास आम्ही अवश्य येऊ.

अभ्यासार्थ प्रश्न

१. फुटसालमध्ये अपराध सबंध संघाच्या नावे मोजतात. यात कोणते तत्त्व आहे?

२. सतरा स्पर्धांपैकी तेरा विजय म्हणजे शेकडा किती? जपानचे प्रमाण किती?

३. 'इराणचे चार पराभव तेरा विजयांपेक्षा अधिक बोलके आहेत,' असे लेखात म्हटले आहे. हे तुम्हांस पटते काय? कारणे द्या.

४. मराठीत फारसीतून आलेले आणखी पाच शब्द घरातील वडील माणसांस विचारून लिहून आणा.

५. तुम्ही जिंकलेला एखादा सामना आठवा. तो संपताच तुम्ही प्रथम काय केले? याचे उत्तर कोणास दाखवावयाचे नाही. परंतु खरे लिहा.